राणीची पहिली संक्रांत

मु. आसनगाव, ता. शहापूर
मंगळवार, २० जानेवारी २०२६

विहीणबाई धोंडीबाई यांना शकूचा सा. न. वि. वि. (गुडघ्यामुळे साष्टांग आता कागदावरच घालते, तेवढा गोड मानून घ्या.)

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची बारकी. हळदीकुंकवाचं बोलावणं चारचं, आणि ही बया तीन वाजताच दारात हजर. अंगावर काळी साडी, केसांत हा एवढा गजरा, आणि अत्तराचा असा घमघमाट की बाटली अंगावर उपडी करून आली की काय असं वाटावं. तिच्या मागोमाग माझी धाकटी जाऊ बाळी. मग खालच्या आळीच्या बाया. सगळ्या काळ्यात. संक्रांतीचं काळं नेसायचं, तर कोणी मागे राहील का? मी पण माझी काळी काढली होती, डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होती म्हणून मी पण जरा अत्तर लावून घेतलं.

पण विहीणबाई, मी हे हसत लिहिते असं समजू नका. रविवारी आमच्या परसात जे झालं ते झालंच कसं, हेच मला अजून समजत नाय. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाय, आणि इकडे मला बोलताना रडू येतं. कागदावर रडले तरी शाई पसरते तेवढीच.

तर शनिवारी आमचा विपुल, तुमची रंजिता आणि दोघं नातवंडं कल्याणहून आली. प्रणितचं बोरन्हाण करायचं होतं. तीन वर्षांचा झाला, आता पुढच्या वर्षी बसतोय की पळतोय कोण जाणे. त्याला काळा कुडता, वर हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हातात हलव्याचे बाजूबंद. तो सारखा हार तोंडात घालून चाटायचा, आणि मी सारखी काढायची. असा गोजिरा दिसत होता की मीच दोनदा मीठमोहरी ओवाळून टाकली.

आणि तेव्हा माझ्या मनात आलं, की आपल्या घरात यंदा आणखी एकीची पहिली संक्रांत आहे. तुमच्या लेकाने, नवशाने, दिवाळीत आणून दिलेल्या मधमाशांच्या पेट्या. त्यातली मोठ्या पेटीतली राणीमाशी. तुमच्या वाडीत जन्मली आणि आमच्या परसात नांदायला आली. माहेरचं माणूस दारी आलं, आणि तिला साधं हळदीकुंकू नाय लावायचं? रंजिता तुमच्याकडून आली तेव्हा प्रेमाचं लगीन म्हणून आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं होतं, पहिल्या संक्रांतीला तिला हलव्याचा एक दागिना पण घातला नाय. तेव्हाचं ते मला खुपतं. म्हटलं, ह्या सुनेचं तरी सगळं करू.

अंगणातलं हळदीकुंकू आटोपलं, आणि मी सगळ्यांना घेऊन परसात गेले. पेटीला हळदीकुंकू लावलं. झाकणावर हिरवा खण घातला. पेटीच्या दारावर मोगऱ्याची माळ सोडली. पुढे पाट मांडला आणि राणीची ओटी भरली: तांदूळ, नारळ, सुपारी, तिळगूळ आणि वेलची केळी. केळी अशी पिकलेली की सालावर काळे ठिपके, सगळा परस वासाने भरून गेला. बाजूच्या पाटावर प्रणितला बसवलं, म्हणजे बोरं, चुरमुरे आणि गोळ्या दोघांवर एकदमच पडतील. बाळीने गुलाबदाणीतून सगळ्यांवर आणि पेटीवरही गुलाबपाणी शिंपडलं.

त्या सगळ्या गडबडीत थोरली नात रुचिता माझा पदर ओढून केळी, केळी करत होती. आठ वर्षांची घोडी झाली, पाहुण्यांसमोर असा हावरटपणा करावा का? मी ओटीतलंच एक केळं सोललं, तिच्या तोंडात कोंबलं आणि तिला गप केलं.

बाया पेटीच्या दारासमोर ओळीने उभ्या राहिल्या. मी म्हटलं, राणीच्या वतीने कोणीतरी नाव घ्या. तर बाळी विचारते की हिचा नवरा कोण, नाव घ्यायचं तरी कोणाचं. त्यावर ज्या काय हसल्या सगळ्या! परस दणाणला.

आधी एकच माशी आली. बारकीच्या गजऱ्यावर बसली. बारकीने फटकन हात मारला. पुढचं मी नीट पाहिलं पण नाय. भाताच्या गिरणीचा पट्टा सुरू व्हावा तसा आवाज झाला, आणि दारातून माशांचा लोंढाच बाहेर पडला. बाळी कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली, अर्धी आत, अर्धी बाहेर. बारकी पदर झटकत पळाली. कोण विहिरीकडे, कोण गोठ्यात. माझ्या नाकावर, हातावर बसल्या. आणि प्रणित पाटावर तसाच, मांडीत बोरं, डोक्यावर मुकुट, तोंड उघडं. मी त्याच्यापासून दोन हातांवर, आणि मी हलले नाय.

रंजिता स्वयंपाकघरातून धावत आली. हातात चादर. पोराला त्यात गुंडाळून तिने सरळ अंधाऱ्या माजघरात नेलं आणि दार लावून घेतलं. पण तोवर त्याच्या डोळ्यावर, कानामागे आणि गळ्यावर डंख बसले होते. तोंड असं सुजलं की आपलं पोर ओळखू येईना. विपुलने रिक्षा काढायला लावली, शहापूरच्या दवाखान्यात नेलं, तिथे सुया दिल्या. रात्रीपर्यंत ठेवून घेतलं. श्वास चांगला आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

आता जे जिवाला लागलंय ते लिहिते. माशा उठल्या तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, रुचिता पेटीच्या बाजूला उभी होती आणि तिच्या हातात बोरं पाडायची लांब काठी. टोक पेटीच्या दाराशी. बारकी ओरडली की पोरीने काठी खुपसली. विपुलने काय विचारलं नाय, सगळ्यांसमोर तिला कानाखाली दिली. पोरगी रडली पण नाय. तिच्या पण हाताला डंख होते, पण दवाखान्यात कोणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नाय.

रंजिता मला एवढंच म्हणाली, की पेट्या ह्या घरात आहेत तोवर पोरं इथे येणार नायत. आवाज चढवला नाय. त्यामुळे जास्त लागलं. जेवण तसंच टाकून सगळी कल्याणला गेली.

विहीणबाई, दर शनिवारी ती पोरं येतात म्हणून माझा आठवडा सरतो. आमचे हे कालपासून परसाच्या पायरीवर बसून पेट्यांकडे बघतात, चहा गार करतात. यंदा दुधीला एवढी फळं लागली ती माशांमुळे, हे त्यांना पटलंय, तरी तेही म्हणतात की पोरांपुढे दुधीचं काय. नवशाला लवकर धाडा, पेट्या घेऊन जाऊ दे.

लोभ आहे तेवढाच राहू दे, ह्या प्रकारामुळे त्यात घट नको.

तुमची,
शकू


उंबराची वाडी, ता. मुरबाड
सोमवार, २६ जानेवारी २०२६

शकूविहिणीस धोंडीबाईचा नमस्कार वि. वि. तुमचा कागदावरचा साष्टांग पोचला. माझा उभ्यानेच घ्या, भाकरी तव्यावर आहे.

तुमचं पत्र मी नवशाला जेवताना वाचून दाखवलं. गजऱ्यापर्यंत तो खात होता. अत्तराला घास हातातच राहिला. काळ्या साड्यांना त्याने कपाळाला हात लावला. आणि केळी म्हटल्यावर तो ताटावरून उठला. मला वाटलं ह्यालाच काहीतरी चावलं.

अहो बाई, तुमी केलंत काय! प्रणितचं वाचून माझा पण जीव वरखाली झाला. पण माझं ऐका आता. माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून एक वास सुटतो. तो वास म्हणजे बाकीच्यांना हाक, की धावा, घरावर कोणी आलंय. आणि तो वास थेट पिकल्या केळ्यासारखा. नवशाच्या हाताला माशी चावली की मी स्वतः वास घेऊन पाहिलाय. तुमी ओटी भरली असं तुमाला वाटतं. माशांना वाटलं, दारातच लढाई लागली.

त्यावर काळ्या साड्या. माशीला काळं, केसाळ काही दिसलं की अस्वल आलं असं वाटतं, मध खायला. तुमी तर अस्वलांची रांगच उभी केलीत, गजरे माळून, अत्तर लावून. आणि दारात मोगऱ्याची माळ! बाहेर गेलेल्या माशांना स्वतःचं घर सापडेना. माझ्या घरी कोणी असं केलं असतं तर मी पण चावले असते.

आता पोरीचं. हे वाचून मी नवशापेक्षा जास्त चपापले. दिवाळीत नवशाने पेट्या मांडल्या तेव्हा त्याने सगळं समजावून सांगितलं होतं. कोणाला? तुमाला नाय, तुमी चकल्या तळत होतात, मान हलवत होतात फक्त. देवजी व्याही वायरमनशी बोलत होते. नवशाजवळ बसून ऐकलं ते एकट्या रुचिताने. दारासमोर उभं राहायचं नाय. जायचं तर बाजूने, हळू. वासाचं काही नेऊ नको. केळं तर मुळीच नको. मामाने तिच्याकडून तीनतीनदा म्हणून घेतलं होतं.

विहीणबाई, पोरगी केळी मागत नव्हती. ती तुमाला केळी काढायला सांगत होती. आणि तुमी सोललेलं केळं तिच्या तोंडात घातलंत. मग तिला बोलता येईना, म्हणून ती काठी घेऊन बाजूने गेली, दारासमोर नाय, बाजूने, मामाने शिकवल्यासारखी. नवशा म्हणतो, तिला ती केळी पाटावरून सारायची असणार. तो पैज लावायला तयार आहे. मी म्हटलं, पैज नको, पोरीलाच विचारतील.

तुमी म्हणता पेट्या न्या. मी नवशाला पाठवणार नाय. आज पेट्या उचलल्या तर काय होईल? सगळे म्हणतील, रुचिताने काठी घातली म्हणून पेट्या गेल्या. ती मोठी होईल, तिचं लगीन होईल, तरी बारकी हेच सांगत बसेल. आधी पोरीच्या माथ्यावरचं उतरवा. मग पेट्यांचं बघू.

रंजिताचं मी काही लिहीत नाय. ती माशांना भिणारी नाय, लहानपणी पेट्यांच्या मधेच झोपायची. तिचा राग माशांवर नाय. पोराचं तोंड सुजलेलं पाहिलं की आईचं काय होतं ते तुमाला माहीत आहे.

प्रणितला पुन्हा कधी माशी चावली तर काटा चिमटीत धरून ओढू नका, नखाने खरवडून काढा. चुना, हळद, लोखंड घासणं, काही नको. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, उलटी झाली, धाप लागली तर सरळ दवाखाना, एका क्षणाचाही विचार नाय करायचा. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते रंजिताला विचारून ठेवा.

रागावू नका. रागावलात तर तसं लिहा, पण लिहा.

तुमची विहीण,
धोंडीबाई


मु. आसनगाव
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

माझ्या रुचूला आजीचे पोतंभर आशीर्वाद, आणि पाठीवरून हात.

बाळा, हे पत्र तुझ्या नावाने आहे. तुला माझं अक्षर लागलं नाय तर पप्पाकडून वाचून घे. पप्पाला सांग, मोठ्याने वाच, मधे काय गाळू नको. मम्मीला पण बोलव.

मुरबाडच्या आजीचं पत्र आलं. ते मी वाचलं, मग आजोबांनी वाचलं. मला तुला एकच विचारायचंय. त्या दिवशी तू केळी केळी करत होतीस ती खायला, की मी ती काढावी म्हणून? आणि काठी तू केळी बाजूला सारायला आणली होतीस का?

तसं असलं तर माशा तुझ्यामुळे नाय उठल्या. माझ्यामुळे उठल्या. माझ्या केळ्यांमुळे, माझ्या अत्तरामुळे आणि माझ्या हौसेमुळे. मामा सांगत होता तेव्हा मी ऐकलं नाय. तू ऐकलंस. आणि मार तुला बसला, आणि मी जवळ उभी असून पप्पाचा हात धरला नाय.

हे मी बारकीला पण सांगितलं, बाळीला पण. नळावर सगळ्यांच्या समोर सांगितलं. बारकी आधी मानायला तयार नव्हती. मग मी म्हटलं की माशांना तू अस्वल वाटलीस. ती अजून माझ्याशी बोलत नाय.

पप्पाला सांग की आजी म्हणते, तू रुचूची माफी मागायला हवी, मोठ्या माणसाची मागतात तशी. नसेल मागायची तर मी येते कल्याणला, आणि मग बघते.

तुझ्या हाताची सूज गेली का? मला खरं खरं लिही. उत्तर नाय लिहिलंस तरी आजीचा राग नाय, पण लिही.

तुझी,
आजी


कल्याण
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

ति. आजी हिला रुचिताचा नमस्कार. (मी डिअर आजी लिहिणार होते पण मम्मी म्हणाली ति. लिहायचं.)

हो. मी केळी काढ म्हणत होते. पण तू माझ्या तोंडात केळं घातलंस आणि ते खूप मोठं होतं. मी चावत होते तेवढ्यात हसायला लागले सगळे. मग मी काठी आणली. एक घड सरकला पण, तू बघितलं नाहीस.

पप्पाने पत्र मोठ्याने वाचलं. मधेच थांबला आणि पुढचं मम्मीने वाचलं. मग पप्पा गॅलरीत गेला. आल्यावर तो खाली बसला माझ्यासमोर आणि सॉरी म्हणाला, आणि म्हणाला तू सांगितलं का नाहीस. मी म्हटलं मी दवाखान्यात सांगत होते पण सगळे प्रणितकडे बघत होते. मग तो परत गॅलरीत गेला.

माझा हात बरा आहे. फक्त खाज येते.

आजी, मम्मी अजून नाही म्हणते. ती माझ्यावर रागावली नाही आणि तुझ्यावर पण नाही. तिला भीती वाटते. प्रणित झोपला की ती त्याच्या नाकाजवळ हात धरून बघते. मला पेट्या पाहिजेत. मी दोन्ही पेट्यांना नावं ठेवली आहेत पण ती सिक्रेट आहेत. मामाला सांग ना पेट्या नको नेऊ.

आजोबांना नमस्कार. खुराड्यात बाळी आजी होती तेव्हा कोंबड्या कुठे गेल्या होत्या?

तुझीच रुचिता


मु. आसनगाव, ता. शहापूर
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

विहीणबाईंना शकूचा नमस्कार, आणि नवशाला आशीर्वाद. तो काल रात्री सुखरूप पोचला असेलच. त्याच्याबरोबर दुधी दिले होते, जीपमधे विसरला नाय ना ते विचारा.

काल सकाळी आधी नवशा आला, डोक्यावर कारवीच्या काड्यांचा भारा. तुमी धाडणार नाय म्हणालात आणि धाडलात! मी विचारलं की बाबा तू पेट्या न्यायला आलायस की ठेवायला. तर म्हणतो, आत्याबाई, ते ताईने सांगायचं, मी हमाल. भारा ओसरीवर टाकला आणि चहा पीत बसला.

मग कल्याणची मंडळी आली. मला वाटलं होतं विपुल एकटा येईल. पण मागून रुचिता, आणि रंजिताच्या कडेवर प्रणित. तोंडाची सूज पार उतरली, फक्त कानामागे एक काळा ठिपका. मी धावले, तर रंजिता म्हणाली की आमी पेट्या गेलेल्या बघायला आलोय, चारच्या गाडीला परत जाणार. आणि प्रणितला घेऊन थेट माजघरात. दार आतून लावून घेतलं. विहीणबाई, माझं पोर घरात आलं आणि माझ्याच घराचं दार माझ्यासमोर बंद.

इकडे रुचिताने मला ताब्यात घेतलं. आधी माझा वास घेतला. डोक्याला लावलेलं वासाचं तेल धुवायला लावलं, गजरा काढून ठेवायला लावला, आजोबांच्या धोतराचं पांढरं पान माझ्या अंगावर पांघरायला दिलं. मग मला परसाच्या पायरीवर बसवून सांगितलं की इथून हलायचं नाय आणि बोलायचं नाय. हलायचं नाय ते जमलं. बोलायचं नाय ते कसं जमणार? मी तोंडात पदर धरून बसले.

ताई नाय म्हणाली तर उपटून टाकू असं नवशा म्हणाला, मग विपुलने खड्डे खणले, नवशाने पेटीच्या पुढे थोडं अंतर सोडून कारवीचा कूड, काड्यांची भिंतच, उभी करायला घेतली. माशा दारातून निघाल्या की समोर कूड लागतो, मग त्या वर उठतात आणि माणसाच्या डोक्यावरून जातात, तोंडासमोरून नाय, असं त्याचं म्हणणं. रुचिता त्याला दोऱ्या देत होती, बाजूबाजूने, हळू चालत. विपुल मधेच थांबून तिच्याकडे बघायचा. एकदा त्याने हातोडी तिच्या हातात दिली आणि खिळा स्वतः धरला. तिने दोनदा त्याच्या बोटावर मारली. तो ओरडला नाय.

आणि मग माजघराचं दार उघडलं.

रंजिता बाहेर आली. प्रणितला आजोबांजवळ दिलं आणि सरळ परसात गेली. जाळी नाय, हातमोजे नाय, काही नाय. मी उठले, तर रुचिताने डोळे वटारले, मी बसले. रंजिता मागच्या बाजूने पेटीजवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि कान लाकडाला लावला. किती वेळ तशीच होती. माशा तिच्या केसांवरून जात होत्या आणि तिला ठाऊकच नसल्यासारखं. ही माझी सून, जी माझ्या घरात आल्यापासून मान खाली घालून जेवायला वाढते! मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. मी इतकी थक्क झाले की माझा पदर तोंडातून सुटला तरी शब्द आला नाय.

मग ती उठली आणि नवशावर जे तोंड सोडलं! कूड बुटका आहे, एवढ्याशा कुडावरून माशा प्रणितच्या डोक्यावर उतरतील, हातभर वाढव. पाण्याचं ताट कुठे आहे? नाय ठेवलंस? मग माशा धुण्याच्या दगडावर येणार पाणी प्यायला, आणि पोर तिथेच खेळतं. ताट तिकडे वालाच्या वेलाखाली ठेव, त्यात खडे घाल म्हणजे माशा बुडणार नायत. नवशा हो ताई, हो ताई करत पळत होता. मग ती विपुलकडे वळली. परसाला बेडं कुठे आहे, साधं फाटक तरी? कडी वर हवी, प्रणितचा हात पोचणार नाय अशी. विपुल म्हणाला की करतो. ती म्हणाली की करतो नाय, आत्ता.

आमचे हे प्रणितला घेऊन विहिरीकडून बघत होते, ते मला हळूच खुणावतात. मला पण तेव्हाच उमजलं. ज्या पेट्या आज जायच्या त्यांच्या कुडाची उंची कोण कशाला मोजतं?

आणि मग माझी पाळी. विहीणबाई, तुमची लेक मला परसात उभं करून सगळ्यांसमोर ओरडली. म्हणाली की आई, ती राणी म्हणजे सून नाय, तिची ओटी नाय भरायची, तिला हळदीकुंकू नको, तिळगूळ नको, तिच्या दाराला हात लावायचा नाय. पेटी उघडायची ती पोरं कल्याणला असताना, आणि नवशा असताना. प्रणित मोठा होईपर्यंत बेड्याच्या आत येणार नाय, तुमच्या कडेवरही नाय, तुमच्या कडेवर तर मुळीच नाय. आणि तुमाला हौस आली तर आधी रुचिताला विचारायचं. नऊ वर्षांत सून पहिल्यांदा माझ्याशी आवाज चढवून बोलली. बाकीचे जमिनीकडे बघत होते, त्यांना वाटलं मी रडेन. आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या पोटच्या पोरीने ओरडावं तशी ओरडली ती. मी सगळ्याला हो म्हटलं. एकदा चुकून तिलाही हो ताई म्हटलं, तेव्हा नवशा हसून हसून कुडावरच रेलला, आणि तो कूड परत बांधावा लागला.

दुपारी कूड उभा राहिला. माशा आधी गोंधळल्या, कुडाला आपटल्या, मग वाट सापडली तशा सरळ वर. प्रणित बेड्याच्या बाहेर आजोबांच्या खांद्यावर बसून आभाळाकडे बोट दाखवत होता. मी त्याच्याकडे बघते, तर रंजिता पण त्याच्याकडेच बघत होती. तिचा हात तिच्याच गळ्याशी होता. भीती काय गेलेली नाय तिची, विहीणबाई. ती बाजूला सारून उभी होती एवढंच.

चारची गाडी गेली. कोणी नाव काढलं नाय. रात्रीचं जेवून निघाली. सगळ्यांनी वालाची उसळ आणि भाकरी खाल्ली, रंजिता माझ्याशेजारी बसून जेवली, मी तिला वाढलं. निघताना मी पोरांचे संक्रांतीला इथेच राहिलेले, धुऊन दोरीवर टाकलेले कपडे घडी घालून पिशवीत भरायला घेतले. रंजिताने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, कपडे बाहेर काढले आणि परत दोरीवर टाकले. म्हणाली की राहू द्या इथेच, ओझं कशाला नेआण करायचं.

बारकी अजून रुसलेली आहे, पण काल बेड्यावरून डोकावून गेली. पांढऱ्या साडीत.

मी काय पुण्य केलं म्हणून अशी लेक तुमी मला दिलीत, ते तुमीच जाणो. लोभ आता वाढवलात तरी चालेल, ठेवायला जागा केली आहे.

तुमची,
शकू

ता. क. शनिवारी, चौदा तारखेला संध्याकाळी येतो म्हणालीत सगळी, आणि रविवारी शिवरात्र करूनच जाणार.